डॉल्बी बंद करू नका, गाळून घ्या

आमच्याकडे ‘डॉल्बी’ हा शब्द आता कुठल्या कंपनीचा राहिलेला नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत म्हणजे डॉल्बी. ती भाड्याने देणारा डॉल्बीवाला. ती लावायची की नाही यावरून मंडळात जे होतं ते डॉल्बीचं भांडण, आणि गणपती जवळ आले की जे आवाहन निघतं ते ‘डॉल्बीमुक्त’. हुपरीपासून कोल्हापूरच्या महाद्वार रोडपर्यंत कुणालाही विचारा, हाच अर्थ सांगतील.

आता यातली गंमत बघा. रे डॉल्बी हा अमेरिकन इंजिनिअर १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचा तांत्रिक सल्लागार म्हणून आपल्याच देशात होता. इथून गेल्यावर १९६५ साली त्याने लंडनमध्ये कंपनी काढली. या कंपनीचं पहिलं यंत्र आवाज वाढवणारं नव्हतं. टेपवर जी सूं-सूं खरखर येते, ती कमी करणारं होतं. पुढे घरगुती टेपसाठी ‘डॉल्बी बी’ आलं, कॅसेट प्लेअरवर दोन उलटसुलट ‘डी’चं चिन्ह असायचं ते. त्याच्या पोटात एक फिल्टर होता आणि त्याची सीमा गाण्याबरोबर आपोआप सरकायची. गाणं हळू झालं की वरच्या पट्टीतली खरखर दाबायची, गाणं चढलं की हात काढून घ्यायचा. म्हणजे ज्या माणसाचं नाव आपण भिंत हादरवणाऱ्या यंत्राला दिलं, त्याने नाव कमावलं ते नको तेवढं गाळून टाकण्यावर. सरकता फिल्टर ही त्याची मोठी कमाई.

आमच्या डॉल्बीत नेमकं हेच नसतं.

मी हुपरीचा. घरात चांदीचं काम आहे, दिवसा मी तेच करतो. रात्री त्याच टेबलावर झाळायची हत्यारं बाजूला सारून मिक्सर बनवतो. स्वयंपाकघरातला नव्हे, आवाजाचा. हे दरवेळी सांगावं लागतं. सध्या सहा चॅनेलचा एक मिक्सर भजनी मंडळासाठी बांधलाय आणि गल्लीतल्या तरुण मंडळासाठी त्याचाच थोरला भाऊ. दोन्हींच्या प्रत्येक चॅनेलवर एक नॉब असा आहे की जो बघून लोक विचारतात, ‘हा कशाला?’ त्या नॉबची बाजू घेऊन भांडायला हा लेख लिहितोय.

डॉल्बीवरचं आपलं सगळं भांडण एकाच नॉबवर चाललंय, व्हॉल्यूमच्या. एक बाजू म्हणते कमी करा, बंद करा. दुसरी म्हणते वाढवा, सण आमचा आहे. कायदासुद्धा फार तर दोनच गोष्टी बोलतो: किती मोठा आणि किती वाजेपर्यंत. नेमका कुठला आवाज, हा प्रश्न कुणीच विचारत नाही. आमच्या गावात टंच न विचारता चांदी घेणारा माणूस तुम्हाला सापडणार नाही. पैंजण हातात आला की वजनाआधी टंच. आणि हीच माणसं डॉल्बी ठरवायला गेली की फक्त वजन विचारतात. किती वॅट? किती बेस? किती टॉप? चाळीस हजार वॅट म्हटलं की सौदा झाला. त्या चाळीस हजारांत शुद्ध किती आणि खोट किती, हे विचारायची पद्धतच नाही.

ही खोट कुठे असते ते सांगतो.

माणसाच्या बोलण्याचा पाया साधारण ८५ हर्ट्झपासून सुरू होतो, तोही खर्जातल्या पुरुषी आवाजाचा. बाईचा आवाज १६५च्या पुढे. शब्द कळतात ते त्याच्याही कितीतरी वर. स, श, च, त ही अक्षरं दोन हजार हर्ट्झच्या पलीकडे राहतात. हलगीचा कडकडाट वर, कैताळ आणखी वर. खाली ४०-५० हर्ट्झला ना अभंग असतो, ना हलगी, ना लेझमीची घुंगरं. तिथे असतो बनवलेला बेस, जो रिमिक्स करणाऱ्याने कॉम्प्युटरवर घातलेला असतो. आणि त्याच्या सोबतीला कचरा असतो: माईक हाताळल्याची धडधड, स्टेजच्या फळ्यांवर पडणारे पाय, वारा, जनरेटरची घरघर. माईकला यातलं काहीच वेगळं कळत नाही. तो सगळं इमानदारीने आत पाठवतो. मिक्सरवर ते अडवलं नाही तर ॲम्प्लिफायर आपली ताकद त्यावर उधळतो.

आता बॉक्सचं बघा. मोठ्या बेसच्या पेटीला भोक असतं, तिला एक ट्यून केलेली फ्रिक्वेन्सी असते. त्याच्या खालचा आवाज आत गेला की स्पीकरचा कोन मोकाट हलतो. हलतो खूप, ऐकू येत नाही काहीच. वॉइस कॉइल तापते, कोन फाटतो, आणि डॉल्बीवाला म्हणतो माल हलका निघाला. माल हलका नव्हता हो. ३५ हर्ट्झच्या खालचं कापणारा फिल्टर तुम्ही लावला नव्हता किंवा लावलेला बंद करून ठेवला होता. जे ऐकूच येत नाही ते वाजवण्यासाठी डिझेल जाळायचं आणि स्पीकर फाडायचे, याला हौस कशी म्हणायची?

राहिला ऐकू येणारा बेस. त्याच्याशी माझं वैर नाही, हे ठळकपणे लिहून ठेवतो. छातीत धडकणारा ठोका मलाही आवडतो. मोकळ्या मैदानात, समोर हजार माणसं असताना तो वाजावाच. प्रश्न गल्लीचा आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. ५० हर्ट्झची एक लाट त्यामुळे सुमारे सात मीटर लांब होते. सात मीटरची लाट नऊ इंची विटेच्या भिंतीसमोर थांबत नाही. पत्रा, खिडकीची काच, कपाटातली भांडी, सगळ्यांना घेऊन ती घरात येते. वरच्या पट्टीतला आवाज दार लावलं की अर्धा अडतो. खालचा दार ओळखतच नाही. आणि गल्ली जर चार मीटर रुंद असेल, दोन्ही बाजूंना समोरासमोर भिंती असतील, तर ४३, ८६, १२९ हर्ट्झच्या आसपासचे सूर त्या दोन भिंतींत घुमायला लागतात. हे गणित अकरावीचं आहे. प्रत्येक गल्लीचा असा स्वतःचा एक घुमारा असतो. ट्रॉली एका गल्लीतून दुसरीत वळली की तो बदलतो. मिक्सरवरचा माणूस मात्र सकाळी लावलेले नॉब रात्रीपर्यंत तसेच ठेवतो. त्याचाही दोष नाही, कारण त्याच्या मिक्सरवर फिरवण्यासारखं काही दिलेलंच नसतं.

स्वस्तातल्या मिक्सरवर काय असतं? बास आणि ट्रेबल, जमलंच तर मध्ये एक मिड. या बास-ट्रेबलचं सर्किट पीटर बॅक्झंडॉल नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९५२ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात छापलं. अप्रतिम सर्किट आहे. सत्तर वर्षं झाली तरी जगभर तेच वापरतात. पण ते बनवलं होतं घरात खुर्चीवर बसून रेकॉर्ड ऐकणाऱ्या माणसासाठी. त्यात आवाज किती वाढवायचा-कमी करायचा ते तुमच्या हातात. कुठल्या जागी, ते आधीच ठरलेलं. बास म्हटलं की १००च्या आसपासचं सगळं एकदम वर किंवा एकदम खाली. मिड तर बहुतेक वेळा अडीच हजारावर खिळा मारून ठोकलेला. तुमच्या बुवांचा आवाज ३००ला घुमतोय, माईक १,२००ला शीळ घालतोय, आणि तुमच्या हातात अडीच हजाराचा नॉब. ज्या दाताला कीड लागलीय तो सोडून शेजारचा उपटायचा, असा प्रकार.

काही मिक्सरवर ‘लो कट’ नावाचं बटण असतं. दाबलं की ८० किंवा १०० हर्ट्झच्या खालचं कापलं जातं. हे बटण आहे हेच नशीब. पण बटणाला मन नसतं. बुवांच्या खर्जाला ८० ठीक, ताईंच्या आवाजाला १५० चालेल, पखवाजाच्या माईकला ४०च्या वर जायचंच नाही, नाहीतर कणीक लावलेल्या पुडीतून जो गोल नाद येतो त्याची टिमकी होते. एकच आकडा सगळ्यांना लावला की माणूस वैतागून बटण वर करतो आणि पुन्हा कधी दाबत नाही. म्हणून फिल्टर नुसता असून भागत नाही, तो सरकता हवा.

गंमत म्हणजे आपल्या वादकांना हे कुणी शिकवावं लागत नाही. हलगीवाला वाजवायच्या आधी काय करतो? जाळ करतो आणि हलगी शेकतो. कातडं ताणलं गेलं की बोटाने टिचकी मारून बघतो, परत शेकतो. दमट हवेत जास्त, उन्हात कमी. पखवाजवाला कणीक लावतो, जरा काढतो, पुन्हा लावतो, हातोडीने गठ्ठे ठोकतो. दहा मिनिटं लोक ताटकळत बसतात, पण कुणी त्याला घाई करत नाही. त्या दिवशीच्या हवेला, त्या जागेला, त्या गायकाच्या पट्टीला जुळवून घेणं हा वाजवण्याचाच भाग आहे हे सगळ्यांना मान्य असतं. तोच पखवाज माईकसमोर आला की मात्र जुळवणं संपलं. बेस फुल, इको फुल, चला सुरू करा. हे शहाणपण माईकच्या वायरीत नेमकं कुठे गळून पडतं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

तर तो नॉब. तो कसा बनतो हे सविस्तर सांगतो, कारण ‘हे आपल्याला कुठलं जमणार’ हे ऐकून मला कंटाळा आलाय. सर्किट माझं नाही. सॅलन आणि की या दोघांनी ते १९५५ साली मांडलं. प्रत्येक चॅनेलला एक ऑप-ॲम्प, म्हणजे आठ पायांच्या आयसीतला अर्धा भाग. ४५५८ चालेल, टीएल ०७२ बरी, ५५३२ उत्तम. १०० नॅनोफॅरडचे दोन कपॅसिटर. दोन ठिकाणी ६.८ किलोओहमचा पक्का रेझिस्टर आणि त्याच्या मागे ४७ किलोओहमचा पॉट. दोन्ही पॉट एकाच दांडीवरचे हवेत. दुकानात ‘स्टीरिओ पॉट’ म्हणून मागा. कापायची जागा कशी काढायची? एक भागिले दोन पाय गुणिले रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स. पॉटचा पूर्ण रेझिस्टन्स घेतला तर उत्तर येतं ३०च्या आसपास, शून्य केला तर २३४. म्हणजे एका नॉबवर ३० ते २३४ हर्ट्झ, भजनापासून मैदानापर्यंत सगळं त्यात आलं. फीडबॅकमध्ये १० आणि ५.६ किलोओहमची जोडी लावली की वळण जवळजवळ तसं येतं, जसं स्टीफन बटरवर्थने १९३० साली सांगितलं होतं: वरचं सगळं सपाट, आणि कापायच्या जागेखाली प्रत्येक सप्तकाला बारा डेसिबलची उतरण. १०० वर लावा, ५०चा आवाज बारा डेसिबलने खाली बसतो.

एक बारकावा आहे, आणि माझ्या मते सगळ्या डिझाइनची मजा त्यातच आहे. साधा म्हणजे लिनिअर पॉट लावला तर नॉब अर्धा फिरेपर्यंत तुम्ही ३० वरून जेमतेम ५२ला पोहोचता. आणि १०० ते २३४ हा सगळा कामाचा पट्टा शेवटच्या एक पंचमांश फेरीत कोंबला जातो. बोट जरा हललं की २० हर्ट्झ इकडे-तिकडे. म्हणून इथे लॉग पॉट लावायचा, व्हॉल्यूमला वापरतात तो. त्याने मधोमध ११५च्या आसपास येतं आणि दोन्ही बाजू बऱ्यापैकी वाटल्या जातात. फक्त मग नॉब उलटा चालतो: उजवीकडे फिरवला की कापायची जागा खाली जाते. पुस्तकवाले म्हणतील हे चूक, उलट्या लॉगचा पॉट आणा. तो आमच्या बाजारात सहज मिळत नाही, आणि मिळाला तरी मी लावणार नाही. उजवीकडे फिरवलं की बेस वाढतो, हे आपल्या पोरांच्या हाताला आधीच माहीत आहे. त्यांच्या हाताविरुद्ध जाणारं यंत्र बनवून मला काय मिळणार?

मिडचा नॉब याच हिशेबात निघतो. तोच पॉट, तोच रेझिस्टर, फक्त कपॅसिटर दहापट लहान, १० नॅनोफॅरडचा. रेंज झाली साधारण ३०० ते २,३४०. सर्किट जरा मोठं, स्टेट व्हेरिएबल म्हणतात ते, तीन ऑप-ॲम्पचं. पण आता तुम्ही घुमारा शोधू शकता. नॉब थोडा वाढवून हळूहळू सरकवायचा. जिथे आवाज सर्वांत घाण होतो तिथे थांबायचं आणि तिथेच कमी करायचं. जागा, रुंदी आणि उंची, तिन्ही हातात देणारं हे तंत्र जॉर्ज मॅसेनबर्गने १९७२ साली मांडलं तेव्हा मोठमोठ्या स्टुडिओंसाठी होतं. आज हे सामान दोन-चार वडापावच्या हिशेबात बसतं. कपॅसिटर मात्र पॉलिस्टरचेच घ्या. त्या पिवळ्या-निळ्या सिरॅमिक टिकल्या फिल्टरला लावू नका, व्होल्टेजबरोबर त्यांची किंमत हलते आणि आवाज किरटा होतो. इथे दोन रुपये वाचवणारा माणूस चांदीत जस्त घालणाऱ्याच्या जातकुळीतला.

आता आक्षेप. सगळ्यात पहिला तुमच्यापैकीच कुणीतरी घेणार: ‘दादा, हे सगळं फोनवर होतं की. डिजिटल मिक्सर घ्या, ॲप उघडा, बोटाने रेघ ओढा.’ होतं. माझ्यापेक्षा चांगलं होतं. ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनी जरूर घ्यावा. पण मिरवणुकीत उभं राहून बघितलंय का? तो फिल्टर स्क्रीनच्या तिसऱ्या पानावर असतो, स्क्रीनला पासवर्ड असतो, आणि पासवर्ड डॉल्बीवाल्याकडे. मंडळाचा अध्यक्ष, म्हातारे काका, बंदोबस्ताचा पोलीस, यांतल्या कुणालाही तो कुठे लावलाय ते दिसत नाही. उघडा नॉब सगळ्यांना दिसतो. त्याचा काटा ४० वर आहे की १२० वर, हे लांबून कळतं. त्याच्यावर भांडता येतं, तडजोड करता येते, ‘शाळेपुढे एवढा, चौकात तेवढा’ असं ठरवता येतं. मला अ‍ॅनालॉगचं प्रेम वगैरे नाही. ‘उबदार आवाज’ म्हणून उसासे टाकणाऱ्यांतला मी नव्हे. चारचौघांना दिसणारी गोष्ट चारचौघांची राहते, एवढाच माझा मुद्दा आहे.

दुसरा आक्षेप ज्येष्ठांचा: ‘हे सगळं कशाला? बंदच करा की.’ आजोबा, दरवर्षी तुम्ही बंद करा म्हणता, दरवर्षी पोरं लावतात. तुम्ही त्यांना शत्रू समजता, ते तुम्हाला. एक सांगू का, तुमच्या छातीत जी धडधड होते ती व्हॉल्यूमची नाही, खालच्या दोन सप्तकांची आहे. तेवढीच गल्लीत शिरताना काढली तर गाणं राहील, नाच राहील, आणि तुमच्या खिडकीची काचही राहील. बंद करा हे तुम्ही ओरडून सांगू शकता, पण ‘नॉब मध्यावर आण रे बाळा’ हे हळू आवाजातही सांगता येतं आणि पोरगं ऐकतं. मी ऐकताना बघितलंय.

पोरांचा आक्षेप वेगळा. मंडळाच्या बैठकीत एकाने सरळ सांगितलं, ‘दादा, बेस कापला तर आपली ट्रॉली शेजारच्या मंडळापुढं फिकी पडंल. छातीत बसाय पायजे.’ त्याला मी फुकटचं व्याख्यान दिलं नाही. दोन ट्रॅक लावले, एक तसाच आणि एक ४५च्या खालचं कापून. दुसरा त्याला मोठा वाटला. वाटणारच. ॲम्प्लिफायरला न ऐकू येणाऱ्या ओझ्यातून सोडवलं की उरलेली ताकद ऐकू येणाऱ्या ठोक्याला मिळते. मग ८०ला नेला, तेव्हा मात्र त्याने तोंड वाकडं केलं. ते बरोबर आहे. मैदानात मीही ८०ला नेणार नाही. वादाला आकडा आला की वाद करता येतो, नाहीतर नुसती खुन्नस उरते.

आणि आता कायद्याकडे येतो, कारण सगळ्यात मोठी गफलत तिथे आहे आणि तिच्यावर कुणी बोलत नाही. आपल्याकडे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहानंतर ४५. लाउडस्पीकर लावलेल्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी असेल ते. म्हणजे निवासी गल्लीत दिवसा ६५. ठीक. पण त्या तक्त्यात डेसिबलपुढे कंसात एक अक्षर आहे, ‘ए’. त्या अक्षराचा अर्थ असा की मीटरच्या आतही एक फिल्टर बसवलेला आहे.

हा ‘ए’ फिल्टर आला कुठून? १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी बेल लॅबमध्ये माणसाच्या कानाची मोजणी केली. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात, हे त्यांनी दाखवलं. त्या हळू आवाजाच्या, ४० डेसिबलच्या आसपासच्या वळणावरून ‘ए’ फिल्टर बेतला गेला. त्यामुळे तो खालच्या सुरांना भरघोस सूट देतो: १०० हर्ट्झला १९ डेसिबल, ६३ हर्ट्झला २६, ५० हर्ट्झला ३०. आता हिशेब करा. तुमच्या दारात ६३ हर्ट्झचा ठोका ९० डेसिबलने पडतोय. कपाटातली भांडी वाजतायत. ‘ए’वाला मीटर त्यातून २६ वजा करून दाखवतो ६४. मर्यादा ६५. कायदा पाळला गेला, धन्यवाद, पुढची ट्रॉली येऊ द्या.

प्रत्यक्षात ट्रॉलीवर नुसता ६३ हर्ट्झ वाजत नाही, वरचंही बरंच असतं, म्हणून मीटर ओरडतो. पण तो ओरडतो गायकाच्या आवाजावर, सनईवर, कैताळावर. मग पोलीस आवाज कमी करायला सांगतात, ऑपरेटर वरची पट्टी उतरवतो, आकडा खाली येतो आणि बेस जिथल्या तिथे. म्हणजे मोजणीची पद्धतच अशी की गाणं आधी मरतं आणि भिंत शेवटपर्यंत हादरते. याच मीटरवर बहुतेक वेळा शेजारी ‘सी’ नावाची सोय असते. ‘सी’ फिल्टर ६३ हर्ट्झला एक डेसिबलसुद्धा सूट देत नाही. तोच ठोका तिथे ८९ दिसेल. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की खोट किती ते कळतं; हाच आवाजाचा टंच. ‘ए’ टाकून द्या असं माझं म्हणणं नाही. कानाला इजा किती, हे बघायला तो बराच उपयोगी आहे. ८५ डेसिबल ‘ए’ला आठ तास ही कामगारांसाठीची अमेरिकेतली शिफारस त्यावरच आहे, आणि त्याच हिशेबात १००ला फक्त पंधरा मिनिटं मिळतात. ट्रॉलीपुढे चार तास नाचणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा. पण भिंतीपलीकडे झोपलेल्या बाळंतिणीला काय पोहोचतं, हे ‘ए’ सांगत नाही. त्यासाठी ‘सी’ही मोजा, दोन्हीतला फरक पंचनाम्यात लिहा, आणि फरक मोठा निघाला की व्हॉल्यूम नाही, तो खालचा नॉब फिरवायला लावा. याला नवा मीटर लागत नाही, एक बटण दाबावं लागतं.

फोनवर मीटरचं ॲप असेल तर त्यातही ‘ए’ आणि ‘सी’ निवडता येतं. आज रात्री लग्नाची वरात दारावरून गेली की दोन्ही लावून बघा. फोनचा माईक खालचे सूर थोडे खातोच, त्यामुळे तुम्हाला दिसलेला फरक खऱ्यापेक्षा कमीच असेल.

एक टोला इंजिनिअरिंगवाल्यांना. आपल्या जिल्ह्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी कॉलेजं किती आहेत मोजा. त्यातून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना बटरवर्थचा आलेख पाठ असतो. परीक्षेत येतो, काढतात, मार्क मिळवतात. त्यांना विचारा, हा आलेख ऐकू कसा येतो? कॉम्प्युटरवर सिम्युलेशन केलेलं असतं, स्पीकरला जोडलेलं नसतं. आणि हीच मुलं संध्याकाळी मंडळात ट्रॉलीवर उभी असतात, ज्या मिक्सरवर तो फिल्टरच नाही त्याच्यापुढे. वर्गातला कागद आणि चौकातली ट्रॉली यांच्यामध्ये एक सोल्डरिंग गन आणि एक रविवार एवढंच अंतर आहे. फायनल इयरला हजेरीच्या मशिनचे तेच ते प्रोजेक्ट करण्यापेक्षा गावातल्या देवळाच्या माईकचा घुमारा घालवा की. बुवांचा शब्द शेवटच्या ओळीतल्या म्हातारीला कळला की नाही, एवढीच व्हायवा.

आमच्या मंडळाच्या मिक्सरवर सध्या दोन खुणा आहेत, नेलपेंटने केलेल्या. लाल खूण गल्लीची, १२० हर्ट्झ. हिरवी खूण मैदानाची, ४०. लाल खूण कुठून कुठपर्यंत लागू, हे बैठकीत हात वर करून ठरलं: दवाखान्याच्या कोपऱ्यापासून बोळ संपेपर्यंत. हळदीच्या कार्यक्रमाची तिसरी खूण अजून अडकली आहे. मुलीकडचे ९० म्हणतायत, मुलाकडचे ५०. गुरुवारी परत बसायचंय.